हिराबाय वाचायची तेव्हा

शेजारची हिराबाय जाऊन आता वर्ष होईल. ती गोष्ट वाचायला बसली की आधी चाळीतल्या पोरांना दटावायची, "तोंडा मिटा, कान उघडा!" आमच्या कामतघर वस्तीत हे सांगणं म्हणजे गंमतच. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमची खडखड दिवसभर. इथं माणसं बोलतात ती हातवारे करून, ओठ ताणून. पण हिचा आवाज लूमलाही पुरून उरायचा. वाघ आला की गुरगुरायची, म्हातारी आली की तोंडाचं बोळकं करायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, एवढ्याशा पोरांना काय कळतंय?"

"कलंल तवा कलंल, आयकू त दे! भात शिजवताना तांदलाला इचारतेस काय?"

माझी तीन वर्षांची नात चिमी सगळ्यांत पुढे बसायची. बोलत नव्हती, पण तिचा बापही उशिराच बोलला होता. हात हलवून बोलावलं की धावत यायची, मग शंका तरी कशाला येईल?

एके दिवशी हिराबायचा चष्मा फुटलेला. तिनं पुस्तक पार नाकाला लावून वाचायला घेतलं. बाकीची पोरं खिदळत होती. चिमी मात्र वाकून पुस्तकाखालून तिचं तोंड शोधायला लागली. हिराबायनं पुस्तक खाली घेतलं, पोर हसली. वर घेतलं, रडकुंडीला आली. हिराबाय उठली, चिमीच्या पाठीमागे गेली आणि उलथण्यानं ताटली वाजवली. सगळी पोरं दचकली. चिमी समोरच बघत राहिली.

"बाय, पोरीला आयकू येत न्हाय गो."

मी चिमीला जवळ ओढलं. "काहीतरीच बोलू नकोस! रोज तुझी गोष्ट ऐकते ती."

"आयकत न्हाय. माजं तोंड बघते."

डॉक्टरांनी तपासलं, तेच निघालं. घरात एवढी माणसं, आणि एकालाही पत्ता नाही!

कानाला मशीन लागलं. मला वाटलं, आता पोपटासारखी बोलेल. हिराबाय म्हणाली, "मशीन आवाज आनील. शब्द कोन घालनार, तुजा देव?" रोज दुपारी चिमीला मांडीवर घेऊन ती वाचायची. महिने गेले, पोर मुकीच. सून बिचारी एका 'आई'साठी कान लावून बसलेली.

आणि एका दुपारी हिराबाय गोष्ट अर्ध्यावर टाकून पाणी प्यायला थांबली. चिमीनं तिचा गाल धरून आपल्याकडे वळवला.

"मग?"

सून हातातलं काम टाकून धावत आली. चिमीनं पुन्हा विचारलं, "मग?"

हिराबायनं पदर डोळ्यांना लावला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "माज्याच्यानं आता व्हनार न्हाय. तू वाच, बाय. पोर इचारते हाय."

मी वाचलं. अडखळत, पण मोठ्यानं.