झिऱ्यावरची बेशरम

भर मे महिन्यात नागपुरात नदीच्या पुलावरून जाताना खाली गर्द हिरवं दिसलं की शेजारच्या सीटवरचं कोणीतरी हटकून म्हणतं, काय छान हिरवळ आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, हिरवळ कसली, बेशरम आहे ती! पोकळ काड्या, फिक्या जांभळ्या फुलांचे भोंगे, आणि तोडून फेकली तर फेकली तिथंच मुळं धरणार. म्हणून तर लोकांनी हे नाव ठेवलं. बकरी तोंड लावत नाही, म्हणून आमच्याकडे हौसेनं कुंपणाला लावतात. पुढे ती कुंपण सोडून नाल्यात उतरते आणि मग कोणाच्या बापाला ऐकत नाही.

माझी मावशी काटोलकडच्या एका खेड्यात राहते. तिच्या घरामागे नाला आहे. उन्हाळ्यात तो आटतो, पण वाळूत हात-दीड हात खड्डा केला की खालून नितळ पाणी पाझरून जमतं. तो झिरा. नळ येतो चार दिवसांआड, त्याचंही पाणी गढूळ. त्यामुळे प्यायला झिऱ्याचंच पाणी. वाटीवाटीनं गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरायचा आणि घरी न्यायचा. मावशीचा झिरा आणि तिच्या धाकट्या जावेचा झिरा एकच, दोघींनी मिळून उकरलेला.

गेल्या उन्हाळ्यात मावशीचा फोन आला. झिऱ्यातलं पाणी चोरीला जात होतं म्हणे. सकाळी भरलेला झिरा दुपारी तीनला कोरडा, आणि हिनं तर एकच गुंड भरलेला. चोर कोण तेही हिनं ठरवून टाकलं होतं: जाऊ. पुरावा काय, तर जावेकडे त्या आठवड्यात पाहुणे होते! नळावर चारचौघींच्या देखत हिनं तिला बेशरम म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून जावेनं झिऱ्यावर येणंच सोडलं. साठीची बाई, गुडघे दुखतात, आणि रणरणत्या उन्हात डोक्यावर गुंड घेऊन शेतातल्या विहिरीवर जाऊ लागली.

बरं, तिनं येणं सोडल्यावर तरी झिरा टिकावा ना? तो तसाच आटत राहिला. त्यावर मावशीचं म्हणणं, आता ती लपून येते. मी ऐकून थक्कच झाले. शेवटी मी गेले, तेव्हा मला म्हणाली, "तूच बसून पाय वं, कोण उपसून राहिलं ते."

बसले. सकाळी आठपासून निंबाच्या सावलीत, डोक्याला दुपट्टा बांधून. झिऱ्यात एक काडी रोवली आणि पाण्याच्या पातळीवर नखानं खूण केली. माणूस आलं नाही, बकरी आली नाही, कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दहा वाजता पाणी खुणेच्या दोन बोटं खाली. बारा वाजता चार. तीन वाजता नुसती ओली वाळू. माझ्या डोळ्यांदेखत पाणी गेलं आणि चोर काही दिसला नाही. आधी वाटलं, ऊन पिऊन गेलं असेल. पण उन्हानं एवढं जातं होय? झिऱ्याशेजारी मी परातीत ठेवलेलं पाणी तर अर्ध्या बोटानंही हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पाणी परत खुणेपर्यंत. तेव्हा कुठे माझी मान वर झाली. झिऱ्याच्या तिन्ही बाजूंनी बेशरम. सगळं शिवार करपलेलं, आणि हिची पानं कशी तुकतुकीत, लुसलुशीत! एक झुडूप जीव खाऊन उपटलं, तर मुळांचा गुंता सरळ झिऱ्याकडच्या ओल्या वाळूत गेलेला. ऊन चढलं की ती पिते, ऊन उतरलं की थांबते, मग झिरा रात्रभर भरतो. चोर तिथंच उभा होता, दिवसभर, फुलं फुलवून.

आणि एवढी आली कुठून? आदल्या वर्षी नालासफाईच्या नावाखाली एक ठेकेदार मशीन घेऊन आला होता. त्यानं बेशरम तोडली आणि तुकडे तिथंच पात्रात पसरवून दिले. फोटो काढले आणि गेला. पाऊस पडला, एकेका तुकड्याचं झाड झालं. याला सफाई म्हणतात? ही तर पेरणी झाली! गावात कोणी विचारलंही नाही त्याला. बायकांवर मात्र सगळ्यांची जीभ चालते.

मावशी आणि मी दोन दिवस खपलो. मुळासकट उपटली, आणि काड्या नाल्यात न टाकता वर खडकावर वाळत घातल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळीही झिऱ्यात पाणी होतं. मावशी खूश. मी म्हटलं, आता जावेकडे चल. तर ही पदर सारखा करत बसली. ती धाकटी, मी थोरली, मी कशी जाऊ? मी चिडून म्हटलं, नळावर बोलताना थोरलेपण कुठे गेलं होतं? तेव्हा उठली. पुरावा म्हणून एक उपटलेलं झुडूप हातात घेतलं.

जाऊ ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मावशीनं झुडूप तिच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "चोर हे होतं वं. तू नाही. बेशरम हेच."

जावेनं सुपातले दोन खडे वेचले, बाजूला टाकले. मग त्या झुडपाकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या कुंपणाले या काड्या लावल्या तवा मी धरून होती, तुमी माती दाबून राहिल्या होत्या. तुमीच म्हणत होत्या, लय गुणाचं झाड आहे. याले पाणीच लागत नाही."