न आलेल्या आईची भूमिका

लेकीच्या लग्नाला न येणारी आई मी करायची असं ठरलं, तेव्हा सगळ्यांसमोर मी हसले. घरी जाऊन मात्र भांडी जरा जास्तच जोरात घासली.

अमरावतीत आमचा छोटासा नाटकाचा गट आहे. आठ-दहा माणसं, बहुतेक सगळी दिवसभर कुठे ना कुठे नोकरी करणारी. सायकलच्या दुकानावरची एक लांबट खोली आम्हाला संध्याकाळी तालमीसाठी मिळते. खालून हवा भरायच्या पंपाचा आवाज येतो आणि तो नेमका रडण्याच्या प्रसंगातच येतो. दिग्दर्शक बँकेतून निवृत्त झालेले. हे नाटकही त्यांनीच लिहिलेलं: मुलगा बौद्ध, मुलगी हिंदू शेतकरी घरातली. एका घरात हळद, अंतरपाट, अक्षता. दुसऱ्या घरात पांढरी साडी आणि त्रिशरण-पंचशील. मुलीकडून लग्नाला कुणीच येत नाही. त्या दिवशी तिची आई घरी एकटीच तुरीची डाळ निवडत बसते आणि समोर नसलेल्या लेकीशी बोलते. हा एवढा प्रवेश माझा.

आता यात माझं काय दुखत होतं ते सांगते. माझ्या भावाचं लग्न असंच झालं होतं. वहिनी पातूरकडची, पिढ्यांची काळी जमीन असलेल्या घरातली. लग्नाला तिकडून चिटपाखरू आलं नाही. काही वर्षांनी ती आजारी पडली, दवाखान्यात अंथरुणाला खिळली आणि गेली. तेव्हाही कुणी आलं नाही. निरोप मी स्वतः पाठवले होते. बापाचं एक वेळ मी समजू शकते, पुरुषांची मान मोडेल पण वाकत नाही. पण आई? त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं आणि तिच्याइतका राग मी जगात कुणाचा केला नाही. म्हणून ठरवलं, भूमिका आलीच आहे तर अशी करायची की बघणाऱ्यानं त्या बाईच्या नावानं बोटं मोडावीत.

तालमीत मी डाळ अशी निवडायचे जसं काही शत्रूचे दात वेचतेय. दिग्दर्शकांनी दोन-चार दिवस सहन केलं, मग म्हणाले, "ताई, तुमी त्या बाईले फासावर लटकवून राह्यल्या. तिले निदान डाळ तरी निवडू द्या."

माझा भाऊ आमच्या गटाची प्रकाशयोजना बघतो. तो कोपऱ्यात वायरींच्या पसाऱ्यात बसलेला असायचा.  

एका संध्याकाळी मी कंटाळले होते, ऑफिसात भांडण झालं होतं, रागवायचीही ताकद उरली नव्हती. प्रवेश सुरू झाला आणि पहिल्या वाक्याआधी माझी जीभ टाळूला लागून 'टच्' असा आवाज झाला. पदराचं टोक आपोआप तोंडाशी गेलं. आणि लिहिलेलं सोडून मी भलतंच बोलले, "मरू दे वं ते सारं. जेव आदी."

 दिग्दर्शक म्हणाले, "हे कुठून आनलं?" भाऊ उठला आणि जिना उतरून रस्त्यावर गेला.

ते वहिनीचं होतं. म्हणजे वहिनीच्या आईचं. वहिनी संध्याकाळी भाकरी थापताना आपल्या आईची नक्कल करायची. दुसऱ्या कुणाची नाही, फक्त तिची. बोलण्याआधी जीभ वाजवणं, पुढचा दात पडलाय म्हणून पदराआड हसणं, रागवायचं असलं की आधी कोंबड्यांना शिव्या देणं, आणि कुठल्याही भांडणाचा, रडण्याचा, पावसापाण्याचा शेवट 'मरू दे वं, जेव आदी' असा करणं. आम्ही पोट धरून हसायचो. माझी आई तर म्हणायची, "विहीनबाईले बलाव वं जरा," आणि वहिनी लगेच विहीणबाई होऊन हजर. माहेर तुटलेल्या पोरीला माहेर असं तोंडातून काढावं लागत होतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून मात्र घरात मला चैन पडेना. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ झालेल्या. भूतबीत आम्ही मानत नाही, आणि मानायला मला फुरसतही नाही. पण स्वयंपाक करताना संवाद म्हणायला लागले की पाठीमागे दाराशी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी एखादा शब्द जास्त कडक बोलले की ते दारातलं माणूस नाराज व्हायचं. मग मी तो मऊ करून पुन्हा म्हणायचे. वळून बघायचं मी टाळत होते. खरं सांगते, भीती वाटायची ती कुणी असेल याची नाही, नसेल याची वाटायची.

अमरावतीचे दोन प्रयोग बरे झाले. मग अकोल्याचा ठरला, रविवारी दुपारचा, कारण दुपारी हॉल स्वस्त पडतो. आदल्या दिवशी टेम्पोत सामान चढवताना भाऊ म्हणाला, "मी बलावलं त्यायले."

"कोनाले?"

"तिच्या आईले. बुढा वारला मागच्या साली. आता एकटीच राह्यते."

मी त्याला नको नको ते बोलले. शेवटी म्हणाले, "आन मंग तिले. पयल्या रांगेत बसव. आपलं थोबाड नीट पाहू दे तिले."

तो म्हणाला, "तिले हेच दाखवाचं आहे मले." आणि सुपाची पिशवी माझ्या हातातून घेऊन टेम्पोत ठेवली.

अकोल्यात रंगमंचावर बसले तेव्हा माझा बेत पक्का होता. आज जुनी, कडक, फासावर चढवणारी आई करायची. नक्कलबिक्कल काही नाही. उजेड आला, सूप मांडीवर घेतलं, आणि जीभ 'टच्' वाजली. पुढं माझ्या हातात काही राहिलं नाही. तीच बाई आली, जशी भाकरी थापताना वहिनीच्या तोंडून यायची. कोंबड्यांना शिव्या देऊन झाल्यावर मी पदर तोंडाशी नेला तेव्हा अंधारात एक बाई खुदकन हसली. एकटीच, आणि हसण्याची जागा नसताना. लगेच थांबली. 

प्रयोग संपल्यावर ती आत आली. मी मनात उभी केली होती ती बाई दाराएवढी होती. ही माझ्या खांद्याला लागत होती. पुढचा दात नव्हता.

"मी अशी बोलतो, हे तुले कोनं सांगतलं?"

"तिनं," मी म्हणाले. "रोज करून दाखवे."

ती सामानाच्या पेटीवर बसली. म्हणाली, "मले निरोप भेटला होता. लग्नाचा आन दवाखान्याचा, दोन्ही टाइम. घरातल्यायनं आडवलं, असं मी तुले सांगू शकतो. पन आडवलं तरी मानूस जाते. मी नाई आली."

इतकी वर्षं मला हेच तिच्या तोंडून काढायचं होतं. आता ते समोर आलं तर त्याचं काय करायचं मला कळेना. राग शोधला, पण सापडला नाही, नुसती रिकामी जागा होती.

"ती माह्यावर रागानं गेली का?" तिनं विचारलं.

मी तिला दवाखान्यातलं सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीला घास जात नव्हता. माझी आई चमचा घेऊन तासन्‌तास बसायची. तेव्हा वहिनी आपली आपणच, स्वतःच्या आईच्या आवाजात म्हणायची, जेव आदी. आणि तोंड उघडायची.

बाईनं पदर तोंडाला लावला. या वेळी हसायला नाही.

मग डोळे पुसून ती मला म्हणाली, "तुले आवाज चांगला काढता येते. आता तिचा काढ. माहा नोको, तिचा. मले आठवत नाई वं पोरीचा आवाज. इसरली मी."

मी तोंड उघडलं. वहिनी मला ताई म्हणायची, तेच म्हणून बघावं असं मनात आणलं. रोज पहाटे चहाला हाक मारायची, भावाशी भांडायची, माझ्याशी तासभर बोलत बसायची. तिच्या वेळेस आमच्याकडे साधे बटणांचे फोन, त्यात काही राहिलेलं नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. जे आलं ते समोर बसलेल्या बाईचंच होतं. वहिनीची आई मला तंतोतंत येत होती, आणि वहिनी येत नव्हती. तिनं मला आपल्यातलं काहीच दिलं नव्हतं, सगळं आईचं दिलं होतं. किंवा दिलं असेल आणि मीच ऐकलं नसेल.

भाऊ दाराशी वायर गुंडाळत उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"नाई येत का?" बाईनं विचारलं.

"नाई येत," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

तिनं माझा हात धरून मला पेटीवर आपल्या शेजारी बसवलं. "पोरीचा आवाज मायवर जाते म्हनतात," ती म्हणाली. "माहाच काढ मंग." आणि डोळे मिटून ऐकायला बसली.