कानसेनाच्या घरातली शांतता

मायक्रोवेव्ह दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला बाजारात सगळे 'कानसेन' म्हणत. आत पाण्याचा पेला ठेवून तो यंत्र चालू करी आणि डोळे मिटून ऐके. नुसत्या घरघरीवरून सांगे, "पंखा घासतोय," नाहीतर "ताटलीची मोटर गेली." त्याचं निदान क्वचितच चुके, आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

त्या दिवशी एक ओव्हन त्याला नडला. सगळं ठीक, फक्त काम संपल्यावरची बारीक शिट्टी वाजेना. त्यानं वाजणारा भाग बदलला, तारा तपासल्या, पुन्हा बदलला. तरी ढिम्म. डबा घेऊन आलेली मुलगी समोर येऊन मोठ्यानं म्हणाली, "बाबा, वाजतोय की. बंद करा ना."

त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्यानं फळीवरचे बाकीचे ओव्हनही एकेक करून लावले. प्रत्येकाची घरघर त्याला स्पष्ट ऐकू येत होती. ती थांबून शिट्टी वाजली की मुलगी बोट वर करी, आणि त्याच्या कानात मात्र काहीच नसे.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"आईला माहीत आहे. तुम्ही पाठमोरे असलात की ती हल्ली हाकच मारत नाही."

वर्षभर तो चहावाल्याला सांगत होता, की आमच्या घरात आता भांडण नाही, कटकट नाही, कसं निवांत झालंय.

मग कामात लक्ष लागेना. भर दुपारी दुकानाचं शटर ओढून तो घरी गेला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो तिच्यासमोर बसला.

"वर्षभरात तू मला काय काय सांगितलंस?"

"आता काय उकरून काढताय?"

"सांग तरी."

तिनं हातातली घडी पुरी केली. "मानेला गाठ आली होती. तपासायला जायचंय, सोबत येता का म्हटलं. तुम्ही पेपरात डोकं घालून नुसती मान हलवलीत. आलात मात्र नाही. मग बहिणीला घेऊन गेले."

"मग?"

"साधीच निघाली. काढून टाकली. पट्टी पदराखाली झाकली होती."

"मला ऐकूच आलं नव्हतं गं."

"ते मला नंतर कळलं. आधी सहा महिने वाटायचं, यांना माझं काही पडलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तो कान दाखवायला गेला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरघरीसारखे जाड आवाज येतात, बारीक आवाज आणि पाठीमागचं बोलणं निसटतं. त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं, सवय व्हायला वेळ लागेल म्हणाले. पहिले काही दिवस नळ, चमचे, वर्तमानपत्राची पानं, सगळं कानाला चावत होतं. दुकानात तो दुपार झाली की यंत्र काढून ठेवी. घरी मात्र डोकं ठणकलं तरी काढत नसे. आतल्या खोलीतून बायकोचा शब्द आला की हातातलं टाकून धावे.

"काय म्हणालीस?"

"काही नाही हो. बहिणीशी फोनवर बोलतेय."

तो परत येऊन खुर्चीवर टेके, आणि मिनिटभरात पुन्हा उठून दाराशी जाऊन उभा राही.