कोरड्यातलं कासव

माझा नवरा कासव घेऊन घरी आला तेव्हा मी म्हटलं, "आता एवढंच राह्यलं होतं!"

केनवडला रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. कोण्या परराज्यातल्या ट्रकवाल्याची गाडी त्यानं दुरुस्त करून दिली आणि जाताना त्या माणसानं खुशीनं फडक्यात गुंडाळलेलं कासव त्याच्या हातावर ठेवलं. ओंजळीत मावेल एवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. असं कासव पाळायचं नसतं, त्याला कायदा आहे, हे तेव्हा ना त्याला ठाऊक होतं ना मला.

"घरात कासव आलं की बरकत येते," नवरा म्हणाला.

"बरकत येवो का न येवो, झाडझूड मलेच करा लागन," मी म्हटलं.

पण जीव लागायचा तो लागलाच. मी ओसरीवर मशीन टाकून ब्लाउज शिवते. सकाळचं ऊन ओसरीवर आलं की कासव अंगणातून डुगडुगत यायचं आणि मशीनच्या पायट्याजवळ पाय पसरून पडायचं. जास्वंदीचं फूल गळालं की ते त्याचं. चार वर्षं ते असं कोरड्या अंगणात हिंडलं, फिरलं, वाढलं. एक दिवस आजारी पडलं नाही.

मला मात्र ते बघवत नव्हतं. माझं माहेर आसेगावचं. आमच्या विहिरीत कासव होतं, वडिलांनी सोडलेलं. आमच्याकडे विहिरीत कासव सोडतातच, ते किडेमकोडे खातं आणि पाणी निवळशंख राहतं. लहानपणी आम्ही बहिणी काठावर पोटावर पडून ते वर येण्याची वाट बघायचो. त्यामुळे कासव म्हणजे पाणी, हे माझ्या डोक्यात पक्कं. त्याला कोरड्यात ठेवणं म्हणजे मासोळीला खाटेवर निजवणं. नवऱ्याला चार वर्षं मी यावरून बोलून घेतलं. "आणलं हौसेनं, अन् घोटभर पाण्यात ठेवाची अक्कल नाई!" तो बिचारा म्हणायचा, "अवं, ते बरं हाय नं तसंच." मी ऐकते थोडीच.

गेल्या दिवाळीत न्हाणीघराच्या कामाला मिस्त्री आला. उरलेल्या सिमेंटात मी त्याच्याकडून अंगणात टाकं बांधून घेतलं. चार बोटं पाणी भरलं, मधोमध एक चपटा दगड ठेवला, आणि माझ्या हातानं कासव आत सोडलं. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. मी प्रत्येकीला सांगत होते, "आता कसं त्याच्या हक्काच्या पाण्यात आलं!"

कासव त्याच क्षणी दगडावर चढलं आणि तिथंच बसलं.

रोज सकाळी मी त्याला दगडावरून खाली ढकलायची. ते परत चढायचं. मी परत ढकलायची. "आयतं पाणी भेटलं तं माज आला याले," असं म्हणायची. वीस-एक दिवस आमचं हे भांडण चाललं. मग माझं डोकं फिरलं आणि एका सकाळी मी तो दगड काढूनच घेतला. ओसरीच्या दाराला अटकाव म्हणून लावला. नवऱ्यानं विचारलं, टाक्यातला दगड कुठी गेला, तर मी म्हटलं, मिस्त्रीनं नेला असन. एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं का बोलले? माझंच मला आतून काही तरी चुकल्यासारखं वाटत असणार. दुसरं कारण मला सापडत नाही.

दगड काढल्यावर कासव टाक्याच्या भिंतीला लागून गोल गोल फिरायचं, नखं घासायचं. मला वाटलं, आता कसं पोहायला लागलं. दिवस थंडीचे होते. आठव्या दिवशी त्याच्या नाकातून बुडबुडा आला. डोळे सुजून मिटलेले, मान लांब काढून तोंड उघडायचं आणि श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज.

मी त्याला शालीत गुंडाळलं, पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी धरली आणि रिसोडची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "लेकरू बिमार हाय का?" मी म्हटलं, "हो." तिकीट मागितलं नाही त्यानं, आणि मीही शाल उघडून दाखवली नाही.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. गायी-म्हशी-शेळ्यांच्या रांगेत तिनं माझं कासव बघितलं आणि खरं ते सांगितलं, "मावशी, मी कासवावर आजवर इलाज केला नाही." पण हात झटकले नाहीत. तिच्या शिक्षकांना तिनं फोन लावला, व्हिडिओवर कासव दाखवलं, अर्धा तास बोलली, लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"हे जमिनीवरचं कासव आहे. विहिरीतलं वेगळं, हे वेगळं. याला पाणी फक्त प्यायला लागतं. थंड पाण्यात राहून न्यूमोनिया झालाय. पाण्यात ठेवत होता?"

"थोडंसं पाणी होतं," मी म्हटलं. "मंधात दगड होता."

"दगड होता म्हणून तरी वाचलं," ती म्हणाली. "नाही तर आजवर गेलं असतं."

दगड मी काढला होता, हे तिला सांगायला हवं होतं. कितव्या दिवशी काय झालं हे सगळं तिला कळलं, फक्त तेवढं सोडून.

तिनं आणखी एक सांगितलं. ही जात घरात ठेवायला परवानगी नाही, वनखात्याला कळवावं लागेल. तिनं माझ्यासमोरच फोन केला. पलीकडच्यानं सांगितलं, नागपूरला वनखात्याच्या प्राण्यांच्या केंद्रात न्यायचं, पण एवढ्या आजारात, एवढ्या थंडीत प्रवास सोसणार नाही. थोडं सावरलं की आम्ही घेऊन जाऊ, तोवर इलाज चालू ठेवा.

"जगन का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही मावशी."

"तुमी सांगू नका, मी जगवतो," मी म्हटलं. माझ्या तोंडून रागच निघाला. तो तिच्यावरचा नव्हता.

सहा इंजेक्शनं द्यायची होती, दर तिसऱ्या दिवशी एक. अशा थंडीत एसटीनं नेण्याआणण्यात जीव जायचा, म्हणून ती म्हणाली, घरी देता येईल का? मी म्हटलं, चाळीस वर्षं सुईच हातात धरून राह्यले. तिनं सुया भरून दिल्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवायला सांगितल्या, पुढच्या पायाच्या कातड्यात कशी घालायची ते दोनदा करून दाखवलं.

घरी येऊन मी पहिल्यांदा टाक्याचं पाणी काढलं. मग एक लाकडी खोकं घेतलं, त्यात वाळलेलं गवत घातलं. ऊब हवी होती, त्यासाठी जुन्या तऱ्हेचा पिवळा बल्ब लागतो. आमच्या बाजारात सगळीकडे पांढरे, थंड. शिरपूरच्या रस्त्याला एक कोंबड्यांचं शेड आहे, तिथं पिल्लांना बल्बखाली ठेवतात. नवऱ्याला तिकडे पिटाळलं. शेडवाल्यानं दोन बल्ब दिले आणि वर किती उंचीवर लटकवायचा तेही सांगितलं. लाईन गेली की मी विटा तापवून गोणपाटात गुंडाळायची आणि मनगटाला लावून बघून मगच खोक्यात ठेवायची. मशीनच्या मागच्या भिंतीवर शिलाईच्या खडूनं सहा रेघा मारल्या. इंजेक्शन झालं की एका रेघेवर आडवी काट.

पुढच्या पायातच सुई द्यायची होती. हा पाय ते आत ओढून घ्यायचं, मी दोन बोटांनी धरून हळू बाहेर काढायची. पाय आत धरून ठेवण्याएवढीही ताकद त्याच्यात नव्हती, हे मला जास्त लागलं. सुई घालताना मी रडले आणि रडता रडता त्यालाच रागावले, "मरून दाखव बरं! मी सोडतो का तुले?"

रोज एकदा ताटातल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवायचं होतं, हनुवटीच्या खाली राहील इतक्याच, म्हणजे कातडी ओली होते आणि ते पाणी पितं. त्या दहा मिनिटांत मी ताटाजवळून हलायची नाही. कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. लग्नसराईचे ब्लाउज पडून होते. एका नवरीची आई ओसरीवर येऊन म्हणाली, "कासवापायी माह्या पोरीचा ब्लाउज अडून राह्यला का?" मी म्हटलं, "हो. तुह्या पोरीचं लगन पुढच्या महिन्यात हाय, याचं आजच हाय काय ते." बाई फणकारून गेली. दोन दिवसांनी जास्वंदीची कोवळी पानं घेऊन आली, तीच.

चौथं इंजेक्शन झालं. डोळे मिटलेलेच. खाणं नाही. बिनसुईच्या सिरिंजनं तोंडात औषध सोडायचं, तर तोंड उघडायलाच अर्धा तास जायचा.

त्या दिवशी दुपारी नवरा गॅरेजातून जेवायला आला आणि खोक्याजवळ बसला. काळे हात मांडीवर ठेवून म्हणाला, "आयक. याचे हाल नको करू. वावरातल्या विहिरीत सोडून देऊ. तुहंच म्हननं होतं नं, कासव म्हनजे पानी. आपल्या पान्यात जाईन तं आपलं आपण बरं होईन."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. चार वर्षं मी जे त्याच्या कानीकपाळी ओरडले ते त्याला शेवटी पटलं होतं, आणि अगदी चुकीच्या वेळी पटलं होतं.

"याले पान्याजवळ नेलं तं पाय मोडीन तुमचे," मी म्हटलं.

"एवढी काहून तापतं?"

तेव्हा सांगायचं होतं, की हे जमिनीवरचं कासव आहे, पाण्यानंच आजारी पडलं. सांगितलं नाही. चार वर्षं ज्याला बेअक्कल म्हटलं, त्याच्यापुढे कोणत्या तोंडानं म्हणू की तुम्हीच बरोबर होता? "डॉक्टरीण नाई म्हनली," एवढंच बोलून मी विटा तापवायला उठले.

पाचव्या इंजेक्शनाच्या दिवशी सुई टोचली तर पाय एकदम आत गेला. इतक्या जोरानं की माझं बोट कवचाच्या कडेत अडकलं. बोट चांगलं सोलपटलं. एवढा आनंद मला आयुष्यात थोड्या वेळा झाला आहे. मी बोट तोंडात धरून ओसरीवर एकटीच हसत बसले.

त्यानंतर दोन दिवसांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. शिट्टी थांबली. सहावी रेघ कापली त्या सकाळी मी जास्वंदीचं फूल त्याच्या तोंडापुढे धरलं. त्यानं बराच वेळ बघितलं. मग मान पुढे करून पाकळी चावली. पाकळी तोंडातून पडली. मी परत धरली. पाचव्या खेपेला गिळली.

आणखी तीन आठवडे मी त्याला अंगणातल्या उन्हात ठेवलं. घोळीची भाजी, जास्वंद, वेलीची पानं खाऊन ते मशीनपर्यंत चालत यायला लागलं. डॉक्टरणीनं येऊन तपासलं, आता जाऊ शकतं म्हणाली. मी म्हटलं, चांगलं. मनातून मला ते जायला नको होतं, पण ज्यानं एकदा मारायला घेतलं होतं त्यानं परत ठेवून घ्यायचं म्हणणं मला शोभलं नसतं.

न्यायला गाडी आली. वनखात्याचा एक गार्ड आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. नवराही गॅरेज बंद करून आला. शेजारच्या बाया कट्ट्यावर येऊन उभ्या राहिल्या, ज्यांना मी टाकं दाखवलं होतं त्याच. मी खोक्यात गवत भरलं, कासव ठेवलं, झाकणाला भोकं पाडली होती ती परत बघितली. गार्डनं कागदावर सही घेतली.

गाडीचं मागचं दार उघडलं तर आत प्लास्टिकचं टप. पाण्यानं भरलेलं.

"हे काय होय?" मी विचारलं.

"लांबचा रस्ता हाय नं मावशी," ड्रायव्हर म्हणाला. चेहऱ्यावर चांगुलपणा सांडत होता. "कोरडं काहून नेता? मी घरूनच पानी भरून आणलं. कासव म्हनल्यावर पानी तं लागनच!"

तो अगदी माझ्यासारखा बोलत होता.

"बाहेर काढ ते," मी ओरडले. "याले पान्यात टाकाचं नाई! हे कोरड्यातलं होय. मी टाकलं होतं पान्यात. हे दगडावर चढून बसे, तं मी ढकलून देई. मंग दगडच काढून घेतला. मीच काढला. आठ दिवस हे चढाले जागा पाहत फिरलं अन् मले वाटलं पोहून राह्यलं. माह्यामुळं मरत होतं हे. तुमी नका टाकू."

गार्डनं लगेच टप उचलून खाली ठेवलं. मी माझ्या शिलाईच्या खडूनं खोक्याच्या चारी बाजूंना मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पाण्यात ठेवू नका'. झाकणावरही लिहिलं.

नवरा ओसरीच्या दाराकडे बघत होता. दाराला लावलेला दगड त्याला रोज दिसत होता, पण दार अडवायला ठेवलेला दगड कोण ओळखणार.

"काढला तवाच सांगतलं असतं," तो म्हणाला, "तं मी परत ठेवला असता."

"मालूम हाय," मी म्हटलं. "म्हनूनच नाई सांगतलं."

गाडी रस्त्याला लागली तरी आम्ही दोघं तिथंच उभे होतो. मग त्यानं वाकून ते पाण्याचं टप उचललं आणि जास्वंदीच्या बुडाशी ओतलं.