जाळ्यांच्या खोलीतली कंपनी

आमच्या घराच्या मागच्या बाजूला, समुद्राकडे तोंड करून, जाळी ठेवायची एक खोली होती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला माझ्या धाकट्या भावानं त्या खोलीत गाण्यांची कंपनी काढली. तो तिला ‘लेबल’ म्हणायचा. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या दारात उभं न राहता आपलं संगीत आपणच करायचं, आपल्याच नावानं सीडी काढायची आणि आपणच विकायची. संगीत नाचायचं, कॉम्प्युटरवर केलेलं. शब्द नाहीत, कडवं नाही, नुसता ठोका आणि त्याच्याभोवती घोंघावणारे आवाज. आईनं पहिल्यांदा ऐकलं आणि बराच वेळ वाट बघून विचारलं, “ह्या सुरू कधी होतला?” तेव्हा ते संपत आलं होतं.

हे वेड त्यानं गोव्यातून आणलं. तिथे किनाऱ्यावरच्या पार्ट्यांना तो एका साउंडवाल्याच्या हाताखाली वायरी ओढत होता. परत आला तो एक जुना कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर घेऊन. खोली त्यानं हट्टानं निवडली. भिंतींवर टांगलेली जुनी जाळी आवाज पिऊन टाकतात, घुमू देत नाहीत. शहरातले लोक याच कामासाठी भिंतींना गाद्या चिकटवतात म्हणे. अडचण फक्त वासाची. त्याचा एक कीबोर्ड वाजवणारा मित्र गोव्याहून आला, तो नाकाला रुमाल बांधूनच वाजवायला बसला. त्या खोलीला वास आहे हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबा रापणीचे मुख्य होते. रापण म्हणजे होडीतून समुद्रात लांबच लांब जाळं सोडायचं, त्याच्या दोन्ही दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि दोन्हीकडून माणसांनी ओढत ते वाळूवर घ्यायचं. अख्खी वाडी लागते. मासळी आली की तिथेच वाटे पडतात, होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. कायदा एकच, ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा. वाटे पाडायचं काम बाबांचं, आणि त्यांनी पाडलेल्या वाट्यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. मासळीच्या बाबतीत तरी.

पण त्या काळात मोठ्या बोटी मासळी बाहेरच्या बाहेर उचलायला लागल्या होत्या. तरुण माणसं मुंबईला नाहीतर हॉटेलांत चालली होती आणि दोरीला हात कमी पडत होते. अशा वेळी रापणीच्या मुख्याचाच झील, म्हणजे मुलगा, खोलीत बसून धप धप करतो, हे बाबांच्या डोक्यात जायचं. शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, “नारळी पौर्णिमेपर्यंत काय ता कर. तवसर तुझा ह्या उभा रवला तर रवला. नायतर नारळ सोडलो काय गुमान दोरीक येवचा. मगे माका ह्यो ठोको आयकाक येता नये.”

“बरा,” भाऊ म्हणाला. आणि ताट अर्ध्यावर सोडून उठला. कॉम्प्युटर विकून दोरी धरायची म्हणजे त्याच्या लेखी सगळं संपलंच होतं.

मी तेव्हा मालवणात एका पतपेढीत कारकून होते. माझा राग नाकावर असतो असं घरात म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. कंपनीचं बाहेरचं बोलणं म्हणून माझ्याकडे आलं. समोरचा ‘बघू’ म्हणाला की ‘कधी बघणार?’ असं विचारायला भाऊ लाजायचा. मी लाजत नसे.

पहिल्या सीडीत त्याला वाडीचाच आवाज हवा होता. रापण ओढताना माणसं लयीत हाळी देतात, ती हाळी. किनाऱ्यावर वारा फार, म्हणून त्यानं ओढणाऱ्यांना खोलीत बोलावलं. सगळे आंघोळी करून, भांग पाडून आले आणि ओळीत उभे राहिले. पण हाळी काही येईना. “दोरी नाय तर आवाज खयसून येतलो?” त्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला. शेवटी खोलीच्या खांबाला खरी दोरी बांधली आणि सगळे ती ओढत ओरडायला लागले. आवाज असा आला की भावाचे डोळे भरले. खांबही थोडा आला. वरची कौलं खाली पडून फुटली तो आवाज गाण्यात तसाच राहिला, आणि पुढं लोकांना तोच सगळ्यांत आवडला.

सीडी मे महिन्यात तयार झाल्या. मुंबईहून रेल्वेनं कुडाळला, तिथून टेम्पोनं घरी. गोव्यातल्या एका दुकानदारानं सगळा माल घ्यायचं कबूल केलं होतं, पण पर्यटकांची शेवटची गर्दी ओसरायच्या आत. सगळी मदार त्याच्यावर. त्याला भेटायला भाऊ आदल्याच दिवशी गोव्याला गेलेला, मी पतपेढीत, आणि खोकी उतरली ती बाबांच्या पुढ्यात.

संध्याकाळी मी घरी आले तर अंगणात ही गर्दी. मला वाटलं, कुणीतरी गेलं. पुढं होऊन बघते तर बाबा मधोमध मांडी घालून बसलेले आणि समोर सीडींचे वाटे. एकेक जण पुढं येत होता आणि आपला वाटा घेत होता, कुणी पदरात, कुणी टोपलीत.

“होडीचो वाटो ह्यो,” बाबा मोठ्यानं सांगत होते. “जाळ्यांचो ह्यो, जाळ्यांनी आवाज धरलो. ह्यो ओढणाऱ्यांचो.” सगळ्यांना चहा करून देणाऱ्या शेजारच्या काकीला अर्धा वाटा पडला. तिसऱ्या गाण्यात एका रिक्षावाल्याचा कुत्रा भुंकलेला ऐकू येतो. तो रिक्षावाला कुत्र्याचा वाटा मागत होता, आणि बाबा त्यावर खरोखरच विचार करत होते.

“बाबा, ह्या काय चललाहा?” मी ओरडले. “ह्यो माल गोव्याक जावचो आसा!”

“जायत,” बाबा शांतपणे म्हणाले. “पयले वाटे पडाक व्हये. मगे उरात तो जायत.”

उरल्या त्या आमच्या घरच्या वाट्याच्या, एका हातात मावतील एवढ्या.

भाऊ परत आला, त्याला सांगायचं काम अर्थातच माझ्यावर. तो ओसरीवर रिकामी खोकी एकात एक घालत बसला. त्याच्या वाटणीचं मी बोलले. त्याला दोरीला जुंपायचंय म्हणून तुम्ही हे मुद्दाम केलंत, पौर्णिमेपर्यंतसुद्धा तुम्हाला दम निघाला नाही, असं सगळं बाबांना सुनावलं. रागात मी पतपेढीतल्यासारखी शुद्ध मराठी बोलते, आणि ती बाबांना शिव्यांपेक्षा जास्त लागते.

बाबा गोंधळून बघत राहिले. “मुद्दाम? अगो, ढीग दारात इलो. वाडीन ओढून आणलेलो. वाटे नाय पाडूचे तर काय करूचे? किनाऱ्याक लागलेली रापण गुपचूप बाजाराक धाडता तो चोर.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “झिलाची पयली रापण. बरी लागली. म्हणान मी नवो सदरो घालून बसलंय.”

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. अंगावर खरंच लग्नाकार्यातला सदरा होता. मला रडू आलं, आणि राग होता तोही होताच. दोन्ही एकदम आलं की माणूस फार मूर्ख दिसतो.

दुकानदारानं आमचा नाद सोडला. वाडीत सीडी वाजवायचं यंत्र मोजक्या घरांत. बाकीच्यांनी आपला वाटा जमेल तसा कामी लावला. कुणी पाखरं बुजावीत म्हणून काजूच्या झाडाला टांगली, कुणी हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली. रिक्षावाल्यानं रिक्षाच्या मागे लावली. भाऊ वाडीतून मान खाली घालून चालायचा, कारण वर बघावं तर त्याचं गाणं झाडावर चमकत असायचं.

पण मे महिना होता, घराघरांत मुंबईचे चाकरमानी आलेले. परत जाताना प्रत्येकाच्या सामानात आंब्याची पेटी, फणस आणि वाट्यातली सीडी. पावसाळ्यात मुंबईला दहीहंडीचे सराव सुरू झाले आणि कुणीतरी ती लावली. थर चढवताना ती हाळी फार उपयोगी पडते म्हणे. एका मंडळाकडून दुसऱ्याकडे बातमी गेली आणि सीडीवर नंबर छापलेला आमच्या घरचा फोन वाजायला लागला.

दिवसा घरात आई एकटी. तिनं जन्मभर बाजारात मासे विकलेले, फोनवरही ती बाजारातच बसलेली असायची. “किती व्हये? पाच? येवढ्या मोठ्या मंडळाक पाचात काय होतला? धा घेवा. ताजी आसत!” कुणी भाव पाडून मागितला की “मगे दुसरीकडे बघा जा” म्हणायची आणि फोन मात्र ठेवायची नाही. कानाला लावून गप्प उभी राहायची. थोड्या वेळानं समोरचा वर यायचाच.

पुढं कंपनी वाढली. तोंडवलीतल्या आणि फोंडाघाटातल्या पोरांनी आपापले ठोके आणून दिले, खारेपाटणच्या बाजारात आमच्या सीडी टांगून विकायला लागले, आणि गोव्याचा तो दुकानदार स्वतः येऊन नाक मुठीत धरून जाळ्यांच्या खोलीत बसला. प्रत्येक नव्या सीडीचे आधी वाटे पडत. भाऊ तेवढ्या जास्तीच्या काढून घ्यायला शिकला. पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षी नारळी पौर्णिमा आली तेव्हा आमच्याकडे होती फक्त रिकामी खोकी आणि आईनं तोंडी ठरवलेले सौदे. याला उभं राहणं म्हणायचं की नाही हे बाबांनी सांगायचं होतं, आणि बाबा काहीच बोलत नव्हते.

नारळ सोडला. पहिली रापण पडली त्या सकाळी भावानं कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि गुमान किनाऱ्यावर जाऊन दोरीला उभा राहिला. शब्द दिला म्हणजे दिला. मी पतपेढीला दांडी मारून भांडायच्या तयारीनं मागोमाग गेले. हाळी सुरू झाली. भावाचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

बाबा रांगेच्या कडेनं चालत त्याच्यापाशी आले आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या हातातली दोरी काढून घेतली. हाळी थांबली.

“घराक जा,” बाबा म्हणाले. “सकाळपासून फोन वाजता. तुझी आवस एकटी किती ओढतली?”

भावानं रांगेकडे बघितलं. “आणि हय? हय माणूस कमी पडतलो.”

“पडतलो मां,” बाबा म्हणाले. कितीतरी वर्षं बाबा नुसते हातानं इशारे करून रापण घेत आले होते. त्यांनी लुंगी वर खोचली आणि त्याच्या रिकाम्या जागी उभे राहिले. भाऊ घराकडे पळत सुटला. बाबांनी जरा बेसूरच हाळी दिली आणि रांग ओढायला लागली. भांडायचं काही उरलंच नव्हतं. मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागे दोरी धरली.