मुरमावरची काळी माती

मालूबाईला किळस लवकर येते, आणि आली की ती तोंडावर दिसते. पाहुण्याने ताटात हात धुतला तरी तिचं नाक मुरडतं. पण वामनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, गेल्या उन्हाळ्यात जे केलं त्यासाठी नाक मुरडणं कमीच पडलं.

ती मूळची तापीकाठची. माहेरी जमीन काळी, लोण्यासारखी. केळीचं खोड लावलं की वर्षात घड. लग्न होऊन डोईफोडियाला, डोंगराच्या कडेला आली तेव्हा घरामागचा उतार बघून तिला रडू फुटलं होतं. वीतभर लालसर माती, खाली नुसता मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची. इथे केळी लावायचा वेडेपणा तिनेही एकदा केला, आणि सुकलेली रोपं स्वतःच उपटून फेकली. मग हळूहळू तिला या जमिनीचा स्वभाव कळला. पाणी इथे थांबत नाही, तर थांबलेलं पाणी ज्या झाडांना सोसत नाही तीच लावावीत. तिने दगडाचे बांध घातले, मुरमात खड्डे खोदून पालापाचोळा आणि लेंडीखत भरलं, आणि सीताफळं लावली. बांधावर शेवगा, कुंपणावर वाल. त्या दगडातून अशी गोड फळं निघाली की शनवाऱ्याच्या बाजारातले व्यापारी नाव घेऊन मागायला लागले.

पण सोयरिकीच्या बाजारात सीताफळाला कोण विचारतो? खालच्या, तापीकाठच्या केळीवाल्यांची एक रीत आहे. मुलगी द्यायची तर तिच्याकडचे जाणते आधी वावरात येतात, मूठभर माती उचलून दाबतात. गोळा झाला तर घरात चहा, नाही तर रस्त्यावरूनच रामराम. मालूबाईच्या मुलासाठी, तुषारसाठी, जे जे आले त्या सगळ्यांच्या बोटांतून माती गळली. पोरगा शांत, कष्टाळू, निर्व्यसनी. पण मुरमावर मुलगी द्यायला कोणी तयार होईना. तो आता चार माणसांत बसायचंही टाळू लागला होता.

म्हणून वामनने डोकं चालवलं. रस्त्यावरून पहिला दिसतो तो हाच उतार. त्याने ट्रॅक्टरवाल्याला सांगून काळी माती मागवली आणि सीताफळांच्या बागेवर पसरवली. मालूबाईने जीव तोडून सांगितलं की मुरमावर ही चिकट माती बसायची नाही, पावसात झाडांच्या बुंध्यांशी पाणी साचेल, साली कुजतील, आणि उरलेली माती घसरून नाल्यात जाईल. वामन म्हणाला, पावसाच्या आत सोयरीक जमली म्हणजे झालं. बांध गाडले गेले. लहान झाडं तर शेंड्यापर्यंत बुडाली. वरून त्या मातीला सडक्या केळीच्या खुंटांचा आंबूस वास, आणि घडावर घालायच्या निळ्या पिशव्यांच्या चिंध्या. दार उघडलं की ती नाकाला पदर लावायची. वामन मात्र सकाळी त्या मातीवर पाणी शिंपडायचा. नवरीला हळद लावावी तसं त्याचं चाललं होतं, आणि मालूबाईला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पाहुणे आले. मुलीचे वडील भूपेंद्र पाटील, खाली मोठे केळीवाले. त्यांनी वाकून मूठ भरली, दाबली. गोळा घट्ट झाला. वामनचा चेहरा उजळला. तेवढ्यात मालूबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली. मुलीच्या बापाला फसवून सून आणायची या कल्पनेनेच तिच्या अंगावर शहारे आले होते.

"दादा, ही माटी वरची हाय. खाली सारा मुरूम. इथं केळी व्हायची नही."

वामन पांढराफटक पडला. भूपेंद्र मात्र हसले. मातीतली एक निळी चिंधी काढून त्यांनी बोटावर गुंडाळली.

"माहीत हाय. माह्याच वावरात तळं खोदलं, त्यातली ही माटी. ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं होतं कुठं टाकली ते. मले माटी नव्हती पाहायची, ताई. पोरीसाठी हे घर किती वाकते, ते पाहायचं होतं. रिश्ता पक्का समजा."

आता वामन चिडेल, असं तिला वाटलं. वामन हसला. हात जोडून, खांदे हलवून, मोठ्या कौतुकाने हसला. तिची बाग गाडली गेली हे ठाऊक असून हा माणूस गंमत पाहत राहिला होता, आणि तिचा नवरा त्याला दाद देत होता. तिने तुषारकडे पाहिलं. हा तरी काही बोलेल. तुषार पुढे आला आणि त्या काळ्या मातीत गुडघे टेकून भूपेंद्रांच्या पाया पडला. उठला तेव्हा त्याचा चेहरा असा सुटला होता, जसा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"विहीणबाई, नाराज तर नही ना?" भूपेंद्रांनी विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या एका शब्दावर सोयरीक मोडली असती. ती मोडावी असं तिला मनापासून वाटत होतं.

"नही जी," ती म्हणाली, आणि हसली. "या, चहा घ्या."

चुलीपाशी आल्यावरही ते हसू तिच्या तोंडावरून जाईना. तिने पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. आजवर तिला जगाची किळस यायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिला स्वतःची आली.