मागाचा खटका

बोलता बोलता आक्का एक बोट वर करायची, "दम धर रं," म्हणायची आणि आत जाऊन विजेच्या मागाचा खटका दाबायची. खडखड सुरू झाली की ओट्यावरच्या माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नसे. पाच मिनिटांनी ती डोळे पुसत बाहेर यायची आणि बोलणं जिथं तुटलं तिथून जोडून घ्यायची. तुटलं सूत जोडणारी बाई ती.

वडगावात आमची घरं भिंतीला भिंत लावून. नवरा वारल्यावर घरचा माग तीच चालवायची; लेक कंग्राळीला मामाकडं राहून शिकत होती. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल, आणि हिला कामाशिवाय करमत नाही, असं तुम्हीही म्हणाला असाल. मी दवाखान्यात एक्स-रे काढतो. "दम धरा, सोडा," हे माझं रोजचं वाक्य. "आक्का, माझंच वाक्य मला ऐकवतीस?" असं मी चिडवायचो.

एकदा ती आत गेली आणि नेमकी लाईट गेली. गल्लीभरचे माग थांबले आणि तिचा खोकला बाहेर आला. ओला, छातीच्या तळातून ओढून काढलेला. आत जाऊन पाहिलं, तर ती मागाला धरून उभी होती. जन्मात बिडी ओढली नाही, पण सुताची धूळ आणि चुलीचा धूर रोजचाच.

"कधीपासून?"

"तीन हिवाळं झालं."

"उद्या दवाखान्यात चल."

"न्हाय. कुणी बघितलं तर टीबी म्हनतील. मग पोरीचं जमंल व्हय? तेवढं हूंदे, मग तू म्हनशील तिथं यीन. दम धर."

आणि मी वर्षभर दम धरला. तिला कळत नव्हतं, मला कळत होतं. ते अजून खुपतं.

निपाणीचे पाहुणे मुलगी बघायला आले तेव्हा मीही होतो. चहा झाला, प्रश्न सुरू झाले आणि आक्काने बोट वर केलं. आत माग सुरू झाला. "लई कामसू दिसत्यात," पाहुणे म्हणाले. लेक मान खाली घालून बसली होती. लग्न जमलं.

लग्नानंतर आक्का शब्दाला जागली. "दम धर आक्का," मी मशीनपाशी म्हणालो. तिला धरवेना. तिसऱ्या वेळी कसाबसा फोटो निघाला. डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, टीबी नाही. जुनाट ब्राँकायटिस. श्वासनळ्या आतून सुजून अरुंद झाल्यात, कफ साचतोय. हा कुणाला लागणारा रोग नव्हे. धूळ-धूर लवकर सुटला असता तर फुप्फुसं इतकी गेली नसती. आता औषधाने आराम पडेल, गेलेलं परत येणार नाही.

"कुणाला लागत न्हाय व्हय?" तिने दोनदा विचारलं. तेवढंच.

दोन हिवाळे तिने औषधाचा पंप ओढून काढले. तिसरा निघाला नाही.

परवा लेक घर आवरायला आली होती. आईचा आजार लग्नानंतरचा, असंच तिला वाटत होतं. ओट्यावर बसून सुताच्या रिकाम्या कांड्या पोत्यात भरता भरता म्हणाली, "दादा, मला बघायला आलते त्या दिवशीबी आई उठून मागावर गेली. मागापुढं मी तिला कवा दिसलीच न्हाय."

या वेळी मी दम धरला नाही. सगळं सांगितलं.

तिने कांड्या तशाच ठेवल्या, एक बोट वर केलं आणि आत गेली. खटका वाजला. सूत नसलेला माग बराच वेळ खडखडत होता. मी ओट्यावर बसून राहिलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं.